इंटरफेरॉन-गॅमाची व्हायल: एनके पेशींच्या किलिंग असेसाठी घ्यावी का, आणि घेतली तर कशी वापरावी

परीक्षण कशाचं आहे ते आधी स्पष्ट करतो. ई. कोलाय जिवाणूत बनवलेलं, फ्रीझ-ड्राय करून काचेच्या व्हायलमध्ये येणारं मानवी रिकॉम्बिनंट इंटरफेरॉन-गॅमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना संदेश द्यायला सोडतात ते प्रथिन. हे औषध नाही, प्रयोगशाळेतलं रीएजंट आहे. ते इथे एकाच कामासाठी, म्हणजे किलिंग असे या मारक-चाचणीसाठी, तपासलं आहे: कर्करोगाच्या पेशींना ते दिल्यावर नॅचरल किलर, म्हणजे एनके पेशी, त्यांना जास्त मारतात की कमी.

रीएजंट म्हणून हा माल उत्तम आहे. फार थोड्या मात्रेत काम करतो, परिणाम ठळक दिसतो आणि नीट साठवला तर टिकतो. पण 'इंटरफेरॉन दिलं की कर्करोगाच्या पेशी एनके पेशींपुढे उघड्या पडतात' असं गृहीत धरून तो मागवणार असाल, तर थांबा. एकच व्हायल एका पेशी-वाणाला (प्रयोगशाळेत वाढवलेल्या एका जातीच्या पेशींना) वाचवते आणि दुसऱ्याला मारायला मदत करते. म्हणून ही व्हायल फ्लो सायटोमेट्रीच्या (पेशीच्या पृष्ठभागावरचे रेणू मोजण्याच्या तंत्राच्या) अँटिबॉडींशिवाय घेण्यात अर्थ नाही, हे माझं ठाम मत आहे.

ही दुहेरी वागणूक नवी नाही. इंटरफेरॉनचा शोध १९५७चा. १९७८मध्ये ट्रिंकिएरी आणि सँटोली यांनी दाखवलं की इंटरफेरॉन एनके पेशींची मारक क्षमता वाढवतं आणि त्याच वेळी टार्गेट पेशींना, म्हणजे ज्यांना मारायचं त्यांना, त्या माऱ्यापासून वाचवतंही. त्यामागचं कारण पुढे उलगडत गेलं. १९८६मध्ये कारे आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या लिम्फोमा पेशींवर दाखवलं की ज्या पेशींवर एमएचसी वर्ग १चे रेणू (पेशी आपलीच असल्याची ओळख देणारे; माणसात त्यांना एचएलए म्हणतात) कमी, त्यांनाच एनके पेशी हेरून मारतात. इंटरफेरॉन-गॅमा नेमके हेच रेणू वाढवतं.

त्याचा मार्ग असा. इंटरफेरॉन-गॅमा रिसेप्टरला चिकटलं की जॅक१ आणि जॅक२ ही एन्झाइमं जागी होतात, स्टॅट१ या संदेशवाहक प्रथिनाला फॉस्फेट लागतं, ते जोडीने केंद्रकात जातं आणि आयआरएफ१ व एनएलआरसी५ या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनांमार्फत वर्ग १ची अख्खी यंत्रणा वर उचलली जाते. त्यात एचएलएच्या जड साखळ्या येतात, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन येतं, टॅप येतं, प्रोटिअसोमचे बदलीचे भागही येतात. एचएलए-ए, बी आणि सी वाढले की त्यांच्या सिग्नल पेप्टाइडचे तुकडे एचएलए-ईला मिळतात आणि तेही पृष्ठभागावर टिकतं. एचएलए-ई हा एनके पेशीवरच्या एनकेजी२ए या ब्रेकचा लिगँड, म्हणजे त्याला चिकटणारा रेणू. वरून प्रतिकारक पेशींना आवरणारं पीडी-एल१ही वाढतं. हे सगळं पेशीला वाचवणारं.

उलट्या बाजूला आयकॅम-१ आहे. इंटरफेरॉन-गॅमाने तेही वाढतं, आणि एनके पेशी आपल्या एलएफए-१ने त्यालाच धरून टार्गेटला घट्ट चिकटते. फास आणि ट्रेलचे रिसेप्टर वाढले तर मरण्याचा एक वेगळा रस्ताही मोकळा होतो. एनकेजी२डी या एनके पेशीला चेतवणाऱ्या रिसेप्टरचे लिगँड मात्र कोणत्या बाजूला झुकतील ते वाणावर ठरतं. मेलानोमाच्या काही पेशींत इंटरफेरॉन-गॅमाने त्यातलं एक, एमआयसीए, कमी होतं. शेवटी मरणं वाढतं की घटतं, हे या सगळ्यांच्या बेरीज-वजाबाकीवर ठरतं, आणि ती बेरीज प्रत्येक वाणात वेगळी येते.

व्हायल मागवताना

पहिला प्रश्न किती मागवायचं हा. १०० मायक्रोग्रॅमची व्हायल पुष्कळांना उगाच मोठी पडते. नेहमीची मात्रा १० नॅनोग्रॅम प्रति मिली धरली, तर १०० मायक्रोग्रॅममधून १० लिटर मीडियम होतं. किलिंग असेचं काम करणाऱ्या एका माणसाला २० मायक्रोग्रॅमची, म्हणजे २ लिटरची व्हायल बराच काळ पुरते. मोठी व्हायल घेऊन तिचा अर्धा भाग पुन्हापुन्हा वितळवण्या-गोठवण्यात वाया घालवण्यापेक्षा हे बरं.

दुसरी गोष्ट युनिटची. कागदावर शुद्धता ९५ टक्के लिहिलेली असते. ती जेलवरची शुद्धता, तिचा कार्यक्षमतेशी थेट संबंध नाही. सर्टिफिकेटवर त्या लॉटची, म्हणजे उत्पादनाच्या त्या खेपेची, जैविक क्रियाशीलता पाहा. ती बहुधा एचटी-२९ पेशींची वाढ रोखण्याच्या किंवा विषाणूपासून पेशी वाचवण्याच्या चाचणीने मोजलेली असते. एका लॉटची क्रियाशीलता १ कोटी युनिट प्रति मिलिग्रॅम असेल, तर १० नॅनोग्रॅम म्हणजे १०० युनिट. दुसऱ्याची २ कोटी असेल तर तेच १० नॅनोग्रॅम २०० युनिट होतात. जुन्या लेखांत मात्रा युनिटमध्ये असतात, नव्यांत नॅनोग्रॅममध्ये. हा हिशेब न करता दोघांची तुलना करू नका.

तिसरी, एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूच्या आवरणातला विषारी अंश. माल ई. कोलायमधून येतो, त्यामुळे एंडोटॉक्सिनचा आकडा सर्टिफिकेटवर असलाच पाहिजे. ०.१ ईयू (एंडोटॉक्सिन युनिट) प्रति मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर निर्धास्त राहा. शुद्ध एनके पेशींऐवजी पीबीएमसी (रक्तातल्या मिश्र पांढऱ्या पेशी) वापरणार असाल, तर इकडे अजिबात दुर्लक्ष नको, कारण एंडोटॉक्सिनने मोनोसाइट जागे होतात, ते एनके पेशींना चेतवणारं आयएल-१२ सोडतात, आणि टार्गेटचा म्हणून नोंदवलेला परिणाम खरं तर इफेक्टरचा, म्हणजे मारणाऱ्या पेशीचा, निघतो.

या मालावर साखळीतल्या साखरा नसतात. मानवी पेशींत बनणाऱ्या इंटरफेरॉन-गॅमावर त्या असतात. कल्चरमधल्या कामाला याने फरक पडत नाही, त्यामुळे सस्तन पेशींत बनवलेल्या महागड्या आवृत्तीची गरज नाही. आणि मानवी इंटरफेरॉन-गॅमा उंदराच्या पेशींवर चालत नाही. उंदराच्या मेलानोमासाठी उंदराचंच घ्या.

विरघळवणं आणि साठवणं

व्हायल उघडण्याआधी थोडी स्पिन करा. पावडर इतकी कमी असते की डोळ्यांना दिसतही नाही आणि झाकणाला चिकटलेली असू शकते. उत्पादकाने सांगितलेल्या द्रवात, बहुधा निर्जंतुक पाण्यात, ०.१ मिलिग्रॅम प्रति मिली होईल असं विरघळवा. व्होर्टेक्स करू नका. हळूच फिरवून पाच-दहा मिनिटं ठेवा. आम्लात हे प्रथिन निकामी होतं, म्हणून बफर आपल्या मनाने बदलू नये.

यापुढे आणखी पातळ करायचं ते ०.१ टक्का बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन) असलेल्या बफरमध्ये. बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच सापडतं: कॅरिअर-फ्री, म्हणजे बीएसएसारखं वाहक प्रथिन नसलेला, माल घेतला, तो साध्या पीबीएसमध्ये १ मायक्रोग्रॅम प्रति मिलीपर्यंत पातळ केला आणि फ्रिजमध्ये ठेवला. इतक्या कमी प्रमाणात प्रथिन नळीच्या प्लॅस्टिकला चिकटून बसतं. आठवड्याने परिणाम अर्धा झाला की दोष लॉटला दिला जातो. कॅरिअर-फ्री माल ज्यांना प्रथिनावर काही जोडायचं आहे त्यांच्यासाठी आहे. फक्त कल्चरला द्यायचं असेल तर बीएसएसह येणारा माल घ्या.

अॅलिक्वॉट, म्हणजे एका वेळेपुरते छोटे भाग, १० मायक्रोलिटरचे करा. ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलीच्या स्टॉकचे १० मायक्रोलिटर म्हणजे १ मायक्रोग्रॅम, म्हणजेच १०० मिली मीडियम. वापराच्या दिवशी त्यात ९९० मायक्रोलिटर मीडियम घाला, १००० नॅनोग्रॅम प्रति मिली होईल. त्यातले १०० मायक्रोलिटर १० मिलीत गेले की झाले १० नॅनोग्रॅम. उरलेलं फेकून द्या, पुन्हा गोठवू नका. अॅलिक्वॉट उणे ८० अंशांवर ठेवा.

मात्रा आणि वेळ

०, ०.१, १, १० आणि ५० नॅनोग्रॅम प्रति मिली असा कर्व्ह एकदा तरी काढाच. बऱ्याच वाणांत एचएलए वर्ग १चा आलेख १ ते १०च्या दरम्यान सपाट होतो. त्यापुढे मात्रा वाढवली की पेशींना फक्त जास्त विषबाधा होते.

वेळेचं गणित मात्रेइतकंच महत्त्वाचं आहे, आणि चुका जास्त इथेच होतात. स्टॅट१वरचा फॉस्फेट १५ ते ३० मिनिटांत दिसतो, आयआरएफ१ काही तासांत, पण पृष्ठभागावरचं एचएलए ४८ तासांच्या आसपास भरात येतं. सहा तास इंटरफेरॉन देऊन 'काही फरक पडला नाही' असं लिहिणं म्हणजे प्रयोग अर्धवट सोडणं. वेस्टर्न ब्लॉट करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: एकूण स्टॅट१ हे स्वतःच इंटरफेरॉनने वाढणारं प्रथिन आहे. २४ तासांच्या नमुन्यात फॉस्फो-स्टॅट१ला एकूण स्टॅट१ने भागलं की गुणोत्तर खाली येतं आणि सिग्नल विझल्याचा भास होतो.

किलिंग असेशी जोडताना

कॅल्सीन-एएमचा (जिवंत पेशीत भरलेला चमकणारा रंग ती मेल्यावर किती गळतो हे मोजणारा) चार तासांचा असे या व्हायलसोबत सगळ्यात चांगला चालतो. त्याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. एनके पेशी टार्गेटला भिडल्यावर स्वतःच इंटरफेरॉन-गॅमा सोडतात. चार तासांत त्या इंटरफेरॉनला टार्गेटचं एचएलए वाढवायला वेळ मिळत नाही. मात्र २४ किंवा ४८ तासांच्या लाइव्ह इमेजिंगमध्ये तो वेळ मिळतो, आणि 'बिन-इंटरफेरॉन'चा कंट्रोलही प्रयोगाच्या मध्यावर इंटरफेरॉन लागलेला होऊन बसतो. हे कल्पनेतलं नाही. के-५६२ या मानवी ल्युकेमियाच्या पेशींवरच्या, २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीनोमभरच्या क्रिस्पर चाळणीत (एकेक जनुक तोडून परिणाम पाहण्याच्या प्रयोगात) नेमकं हेच पुढे आलं: इंटरफेरॉन-गॅमाच्या मार्गातली जनुकं तोडलेल्या पेशी एनके पेशींना जास्त बळी पडल्या, कारण एनके पेशींनी सोडलेलं इंटरफेरॉनच टार्गेटला कणखर करत होतं. लांबचा असे करायचाच असेल, तर इंटरफेरॉन-गॅमा रिसेप्टर काढून टाकलेला वाण सोबत चालवा. त्याशिवाय आलेख वाचता येत नाही.

चार तासांच्या असेची मांडणी अशी. टार्गेटला ४८ तास इंटरफेरॉन द्या. चिकटून वाढणाऱ्या पेशी ट्रिप्सिनने न उचलता ईडीटीए किंवा अॅक्युटेजने उचला, नाहीतर पृष्ठभागाचे काही लिगँड कापले जातात. तीन वॉश द्या. मग पेशी पुन्हा मोजा. इंटरफेरॉन-गॅमा वाढ मंदावतं, त्यामुळे दोन्ही फ्लास्कमध्ये सारख्या पेशी असतील हे गृहीत धरलं की इफेक्टर-टार्गेट गुणोत्तर चुपचाप बिघडतं. निम्म्या पेशी फ्लोसाठी काढा. उरलेल्यांना ५ मायक्रोमोलर कॅल्सीन-एएम ३० मिनिटं ३७ अंशांवर द्या, दोनदा धुवा, आणि यू-तळाच्या ९६ वेलच्या प्लेटमध्ये प्रत्येक वेलला १० हजार पेशी टाका. शुद्ध एनके पेशी १०:१, ५:१, २.५:१ आणि १.२५:१ अशा गुणोत्तरात, प्रत्येकी तीन वेल. प्लेट १०० जी वर मिनिटभर स्पिन करा म्हणजे पेशी एकमेकींना भिडतील. चार तासांनी वरचे १०० मायक्रोलिटर काळ्या प्लेटमध्ये काढून ४८५/५३०ला वाचा. मीडियम फिनॉल रेडशिवायचं हवं.

१०:१ या एकाच गुणोत्तरावर थांबू नका. इतक्या दाटीत कणखर झालेल्या पेशीही मरतात आणि इंटरफेरॉनचं संरक्षण झाकलं जातं. फरक दिसतो तो खालच्या दोन गुणोत्तरांत.

आता कंट्रोल. आपोआप गळणाऱ्या आणि ट्रायटनने पूर्ण फोडलेल्या वेल दोन्ही टार्गेटसाठी वेगवेगळ्या हव्यात. वेल वाचवण्यासाठी एकच संच वापरला तर काय होतं ते आकड्यांत पाहा. समजा, साध्या पेशींचं आपोआप गळणं २००० आणि कमाल १०,००० आहे, आणि एनके पेशींसह ५२०० आलं. मरण ४० टक्के. इंटरफेरॉन दिलेल्या पेशींचं आपोआप गळणं २२००, कमाल ८०००, कारण त्यांनी कॅल्सीन कमी घेतलं. एनके पेशींसह ४८००. पहिल्याच कंट्रोलने हिशेब केला तर मरण ३५ टक्के, म्हणजे 'संरक्षण मिळालं'. त्यांच्या स्वतःच्या कंट्रोलने केला तर ४५ टक्के, म्हणजे उलटच. एका प्लेटवरच्या सहा-सहा वेल वाचवण्यासाठी निष्कर्षाची दिशा बदलू देऊ नये. आपोआप गळणं कमालच्या ३० टक्क्यांवर गेलं तर ती प्लेट मोजूच नका.

कॅल्सीनची एक मर्यादा सांगायला हवी. पी-ग्लायकोप्रोटीन जास्त असलेल्या, औषधांना दाद न देणाऱ्या वाणांत कॅल्सीन-एएम आत जाताच बाहेर फेकलं जातं आणि पेशी भरतच नाहीत. तिथे फ्लोवर आधारित असे घ्या: टार्गेटला सीएफएसईसारखा रंग आणि मेलेल्या पेशींसाठी ७-एएडी. फुटलेल्या पेशींतून गळणारं एन्झाइम मोजणारा एलडीएचचा असे सोपा असला तरी या कामाला मी तो शेवटचा पर्याय मानतो, कारण एनके पेशींचं एलडीएचही त्यात मिसळतं आणि सीरममधलं तर असतंच. क्रोमिअम-५१ जुना आणि भरवशाचा आहे, पण किरणोत्सारी परवान्याची सोय असेल तरच.

फ्लोवर काय पाहायचं

किमान चार गोष्टी: एचएलए वर्ग १ (डब्ल्यू६/३२ क्लोन), एचएलए-ई (३डी१२ क्लोन), आयकॅम-१ आणि एमआयसीए/बी. डब्ल्यू६/३२ हा एचएलए-ईलाही धरतो, त्यामुळे त्याच्या वाढीतून एचएलए-ईबद्दल काही ठरवू नका, ३डी१२ वेगळा लावा. जोडीला पीडी-एल१ असेल तर बरं. इंटरफेरॉन काम करतंय की नाही याची ती लगेच दिसणारी खूण आहे.

यानंतर कोणाचा किती वाटा हे तपासायला ब्लॉकिंग अँटिबॉडी लागतात, आणि इथला सापळा नेहमी लक्षात राहत नाही. अख्खी डब्ल्यू६/३२ टार्गेटवर बसली की तिची एफसी शेपटी एनके पेशीच्या सीडी१६ला धरू शकते आणि अँटिबॉडीमुळेच मारा वाढतो. 'एचएलए झाकल्यावर मरण वाढलं' असं दिसतं, पण ते झाकण्याने झालं की एफसीने, ते कळत नाही. एफसी काढून टाकलेला तुकडाच वापरा, किंवा एनके पेशीच्या बाजूने एनकेजी२एला झेड१९९ क्लोनने झाका.

मारा घटला आणि एचएलए झाकूनही परत आला नाही, तर सीडी१०७ए, म्हणजे एनके पेशीने मारक कण सोडल्याची खूण, पाहा. एनके पेशी पूर्वीइतक्याच प्रमाणात कण सोडत असतील आणि तरी टार्गेट मरत नसेल, तर अडथळा टार्गेटच्या आत आहे. ग्रँझाइम-बी या एनके पेशीच्या मारक एन्झाइमला अडवणारं सर्पिन बी९ काही गाठींच्या पेशींत इंटरफेरॉनने वाढतं. पहिला संशय त्यावर घ्या. सीडी१०७एच घटलं असेल तर एनके पेशीला ब्रेक लागला आहे, म्हणजे पुन्हा एचएलएकडे वळा.

कोणत्या पेशी घ्याव्यात

सुरुवातीला के-५६२. तिच्यावर एचएलए वर्ग १ जवळजवळ नसतं, इंटरफेरॉन-गॅमाने ते चढतं, आणि एनके पेशी तिला आवडीने मारतात. म्हणून बदल लख्ख दिसतो. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन नसलेली डाउडी ही लिम्फोमाची पेशी सोबत ठेवली तर चांगला नकारात्मक कंट्रोल मिळतो. इंटरफेरॉनचे बाकी परिणाम तिच्यावर होतात, पण एचएलए वर्ग १ पृष्ठभागावर येऊ शकत नाही.

इफेक्टर म्हणून एनके-९२ या कल्चरमध्ये वाढवता येणाऱ्या एनके पेशी सोयीच्या आहेत, पण त्यांच्यावर बहुतेक केआयआर (एचएलए ओळखणारे) रिसेप्टर नसतात आणि सीडी१६ही नसतं. एचएलए-सी वाढल्याने मिळणारं संरक्षण त्यांना दिसतच नाही. त्यांच्यावर 'इंटरफेरॉनने फरक पडला नाही' हा निकाल आला तर तो दात्याच्या एनके पेशींवर तपासल्याशिवाय लिहू नका. दात्यांच्या पेशी घ्यायच्या तर किमान तीन दाते घ्या, कारण केआयआर आणि एचएलएची जोडी प्रत्येकात वेगळी असते.

अल्फा की गॅमा?

इंटरफेरॉन-अल्फाही एचएलए वर्ग १ वाढवतं, पण एनके पेशींची मारक क्षमता थेट वाढवण्यात ते गॅमाच्या पुढे आहे. म्हणून टार्गेटवरचाच परिणाम वेगळा काढायचा असेल तर गॅमा सोपं पडतं. अल्फा वापरायचं असेल तर चार रकान्यांची मांडणी करा: साधं टार्गेट-साधी एनके, अल्फा दिलेलं टार्गेट-साधी एनके, साधं टार्गेट-अल्फा दिलेली एनके, दोन्हींना अल्फा. धुण्यात कसूर झाली की दुसरा आणि चौथा रकाना एकमेकांसारखे दिसू लागतात. ती खूण ओळखा.

रक्सोलिटिनिब हे औषध १ मायक्रोमोलर देऊन जॅक बंद करणं हा चांगला कंट्रोल आहे. फक्त तेही तितक्याच काळजीने धुऊन टाका. उरलेलं औषध एनके पेशींच्या आयएल-२ आणि आयएल-१५च्या सिग्नललाही अडवतं, आणि मग मारा टार्गेटमुळे घटला की इफेक्टरमुळे ते सांगता येत नाही.

नवा लॉट आला की जुन्या लॉटचे दोन-तीन अॅलिक्वॉट राखून ठेवा. ए५४९ किंवा हेला पेशींवर दोन्ही लॉट एकाच दिवशी ४८ तास चालवा आणि एचएलए वर्ग १ व पीडी-एल१चे कर्व्ह एकावर एक ठेवा. अर्ध्या कमाल परिणामाची मात्रा दुपटीहून जास्त सरकली असेल, तर नव्या लॉटसाठी कामाची मात्रा पुन्हा ठरवा आणि चालू प्रयोगांची मालिका जुन्या लॉटवरच पूर्ण करा.